चाचणी फक्त मोजते का?

चाचणी म्हटली की आपल्याला आधी गुण आठवतात. धडा शिकवून झाला, मुलांच्या डोक्यात किती उतरले ते मोजायचे आणि आकडा पत्रकात भरायचा. तापमापकाने ताप मोजला म्हणून ताप कमी-जास्त होत नाही. चाचणीचेही तसेच, अशी आपली समजूत असते. ही समजूत चुकीची असल्याचा पुरावा शंभर वर्षांहून अधिक जुना आहे.

स्मृती मोजण्याची सुरुवात केली हर्मान एबिंगहाउस (१८५०-१९०९) या जर्मन मानसशास्त्रज्ञाने. प्रयोग करणाराही तोच आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तोही तोच! अर्थाची मदत होऊ नये म्हणून त्याने व्यंजन-स्वर-व्यंजन अशा रचनेचे सुमारे २३०० अक्षरगट तयार केले. घड्याळाच्या टिकटिकीवर, मिनिटाला १५० या वेगाने, तो त्यांच्या याद्या पाठ करी. विसरल्यावर तीच यादी पुन्हा पाठ करताना पहिल्या वेळेपेक्षा किती श्रम वाचले, हे त्याचे स्मृतीचे माप. वीस मिनिटांनंतर ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसाने ३४ आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. म्हणजे विसरण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच उरकतो.

त्याच्या १८८५ च्या पुस्तकात शिक्षकांच्या अधिक उपयोगाचा आकडा आहे. बारा अक्षरगटांची यादी एकाच दिवशी ६८ वेळा म्हणून दुसऱ्या दिवशी जेवढा फायदा होई, जवळजवळ तेवढाच ३८ वेळा म्हणून मिळे. मात्र ही उजळणी तीन दिवसांत विभागलेली हवी. आपल्याकडे तिन्हीसांजेला परवचा म्हणत, त्यात ही विभागणी आपसूक होती. (परवचा म्हणजे घोकंपट्टीच, असे कोणी म्हणेल. अर्थाचे महत्त्व एबिंगहाउसलाही दिसले होतेच: बायरनच्या काव्यातील कडवी पाठ करायला त्याला निरर्थक अक्षरांच्या सुमारे एक दशांश श्रम पडले.)

पुस्तक न पाहता आठवून म्हणण्याचा परिणाम वेगळा काढून पाहिला तो अमेरिकेत आर्थर गेट्स यांनी, १९१७ मध्ये, शाळेतल्या मुलांवर. काही मुलांनी बहुतेक वेळ वाचनात घालवला, काहींनी वाचन थोडके करून उरलेला वेळ मजकूर आठवून म्हणण्यात. लहान चरित्रे लक्षात ठेवायची होती तेव्हा निम्म्याहून जास्त वेळ आठवण्यात घालवणारी मुले सरस ठरली.

पुढे १९३९ मध्ये हर्बर्ट स्पिट्झर यांनी आयोवा राज्यातील ९१ शाळांतील सहावीच्या ३६०५ मुलांना शेंगदाणा आणि बांबू यांवरचे लेख वाचायला दिले. वाचल्यावर लगेच चाचणी दिलेल्या मुलांना पुढे अधिक आठवले. पहिली चाचणी काही आठवड्यांनी दिली, तर तोवर बराच मजकूर निसटलेला असे. चाचणी हे शिकण्याचेही साधन आहे, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. एवढा मोठा प्रयोग, तोही खऱ्या वर्गांत, तरी शाळांच्या रीतीत फारसा फरक पडला नाही. आमच्या मते याचे कारण मानसशास्त्रात नसून पत्रकात आहे. चाचणीला एकदा गुण चिकटले की ती मुलाला भीती वाटण्याची आणि शिक्षकाला तपासण्याची गोष्ट होते. मग ती कमीत कमी वेळा घ्यावी असेच दोघांना वाटते.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी सेंट लुईस येथे हा प्रश्न नव्याने घेतला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचून पुढची तीन सत्रे कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनंतर वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्केच आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१.

आणखी एक नोंद शिक्षकांनी वाचावी अशी आहे. आठवड्याने किती आठवेल, असा अंदाज आधीच विचारला होता. सर्वांत जास्त भरवसा होता तो चार सत्रे वाचणाऱ्यांनाच. “सर, सगळं वाचलं होतं, पण पेपरात आठवलंच नाही,” म्हणणारा मुलगा बहुधा खरेच बोलत असतो. मागच्या आठवड्याच्या धड्यावरचे दोन प्रश्न, वह्या मिटून, गुणांशिवाय विचारायला तासाची पाच मिनिटे पुरतात. आणि कोणाला काय आठवत नाही हे त्या मुलालाही परीक्षेच्या आधीच कळते.