संघ ठरण्याआधी विकली जाणारी तिकिटे : अमेरिकी महाविद्यालयीन हॉकीची अंतिम फेरी (थ्रेड)

एप्रिल २०१३. अमेरिकेतील महाविद्यालयीन हॉकीच्या (अर्थात बर्फावरच्या) विजेतेपदासाठी येल आणि क्विनिपिऍक ही विद्यापीठे समोरासमोर आली. दोन्ही कनेक्टिकट राज्यातली, एकमेकांपासून अवघ्या काही मैलांवरची. सामना मात्र शेकडो किलोमीटर दूर, पिट्सबर्गला झाला. येलने तो ४-० असा जिंकला. प्रेक्षकांपैकी अनेकांनी आपली तिकिटे घेतली, तेव्हा हे दोन संघ तिथे पोहोचतील याची कोणालाही कल्पना नव्हती.

ही रीत समजून घ्यायची तर १९४८ पर्यंत मागे जावे लागते. पहिली राष्ट्रीय स्पर्धा कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे, ब्रॉडमूर या आलिशान हॉटेलच्या बर्फगृहात भरली. ही वास्तू मुळात घोडेस्वारीसाठी बांधलेली होती. संघ चारच, अंतिम सामन्यात मिशिगनने डार्टमथला ८-४ असे हरवले. पुढे १९५७ पर्यंत स्पर्धा तिथेच होत राहिली. खेळणारी महाविद्यालये बहुधा दूरची, यजमान मात्र कायमचा, हा प्रकार पहिल्या दिवसापासूनचा आहे.

१९५८ पासून स्पर्धा गावोगाव फिरू लागली आणि पुढे ती मोठमोठ्या शहरी क्रीडागृहांत स्थिरावली. ठिकाण काही वर्षे आधी ठरते. संघ ठरतात जेमतेम दोन आठवडे आधी. तोवर रिकाम्या खुर्च्या अंगावर घेऊन बसायला कोणताही आयोजक तयार नसतो. त्यामुळे मागणी वाढली तशी अर्ज मागवून सोडत काढण्याची पद्धत आली आणि ती अनेक वर्षे चालली. अंतिम फेरीत पोहोचणाऱ्या चार महाविद्यालयांसाठी काही तिकिटे राखून ठेवली जातात. हा वाटा पुढे कसा वाटायचा, ते ज्याचे त्याने ठरवायचे. खरी ओढाताण इथे सुरू होते. खेळाडूंचे कुटुंबीय, देणगीदार, हंगामी पासधारक, माजी विद्यार्थी अशी रांग लागते. ज्यांच्या नावाने हा खेळ चालतो, त्या विद्यार्थ्यांचा नंबर या गर्दीत कुठे लागेल याचा नेम नसतो.

गुरुवारी दोन उपांत्य सामने, शनिवारी अंतिम सामना, आणि तिन्हींची तिकिटे बहुधा एकत्रच. साहजिकच गुरुवारी रात्री पराभूत संघांचे पाठीराखे शनिवारचे तिकीट विकायला काढतात आणि विजेत्यांचे पाठीराखे ते शोधत फिरतात. कागदावरच्या वाटपाची दुरुस्ती अशी रस्त्यावर होते.

टंचाईवर एक उपाय २०१० मध्ये करून पाहण्यात आला. डेट्रॉइटच्या फोर्ड फील्ड या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात बर्फ अंथरला गेला. बोस्टन कॉलेज आणि विस्कॉन्सिन यांच्यातल्या अंतिम सामन्याला ३७,५९२ प्रेक्षक आले. पण एवढ्या लांबून इवलीशी चकती दिसणार कशी? तो प्रयोग पुन्हा झाला नाही.

अंतिम फेरीसाठी एवढी झुंबड, पण त्याआधीच्या विभागीय फेऱ्यांत कित्येकदा खुर्च्या ओस पडलेल्या दिसतात. १९९१ पर्यंत सुरुवातीचे सामने महाविद्यालयांच्याच मैदानांवर होत. १९९२ पासून तेही आधी ठरवलेल्या त्रयस्थ ठिकाणी गेले आणि सत्राच्या ऐन मध्यात चार दिवसांच्या सूचनेवर परगावी जाणे विद्यार्थ्यांना परवडेना. हे सामने पुन्हा महाविद्यालयांत न्यावेत की नाहीत, यावर प्रशिक्षकांमध्ये अनेक वर्षे वाद चालू आहे. यजमान संघाला घरच्या मैदानाचा फायदा मिळतो, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप.