कोंड्याची कुळकथा

ठाणे जिल्ह्यातल्या खडवलीच्या परिसरात भात भरडून आणलं की वाटणी ठरलेली: तांदूळ घरात, तूस वीटभट्टीला, कोंडा गोठ्यात. कोंड्याला कोणी फारसं विचारत नाही. पण जड जेवणानंतरच्या ज्या पाचक गोळीवर ‘फंगल डायस्टेज’ छापलेलं असतं, तिचं मूळ अशाच एका कोंड्यात आहे. भाताच्या नव्हे, गव्हाच्या.

जपानात साके ही दारू आणि मिसो ही सोयाबीनची आंबवण यांसाठी वाफवलेल्या तांदळावर अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी पिढ्यान्‌पिढ्या वाढवतात. ते कोजी. जोकिची ताकामिने यांचं आजोळ साके बनवणाऱ्यांचं. १८९०च्या सुमारास ते अमेरिकेत गेले, व्हिस्कीसाठी माल्टऐवजी, म्हणजे मोड आणलेल्या जवाऐवजी, कोजी वापरायच्या खटपटीत. तिथे त्यांनी बुरशीला तांदळाऐवजी गव्हाचा कोंडा खायला घातला. १८९४मध्ये पेटंट मिळालं आणि पार्क-डेव्हिस कंपनीने ‘टाका-डायस्टेज’ बाजारात आणलं.

कोंडा स्वस्त होताच, पण त्याचा खरा गुण वेगळा. बुरशीला पिष्ट गिळता येत नाही. ती अमायलेज, म्हणजेच डायस्टेज, हे विकर बाहेर सोडते, पिष्टाची साखर करते आणि ती शोषून घेते. कोंड्यात पिष्ट आहे, प्रथिनं आहेत, खनिजं आहेत. शिवाय तो भुसभुशीत, त्यामुळे आत हवा खेळते. माध्यमात आयतं ग्लुकोज ओतलं तर बुरशी जोमाने वाढते, पण विकर करायचं टाळते. कशासाठी करील? भाताच्या पेंढ्यावर ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी वाढवली, तर ती पेंढ्यातलं सेल्युलोज फोडणारं सेल्युलेज देते. म्हणजे समोर जे वाढाल, ते फोडायचंच हत्यार बुरशी घडवते. मला ही तिची मोठी शहाणीव वाटते.

करायची रीत साधी, पण लक्ष मागणारी. कोंडा मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पाणी गळू नये, इतकाच ओला करायचा. मग वाफवून निववायचा, बीजाणू मिसळून परातींत पातळ पसरायचा. वाढ जोरात आली की कोंडा आतून तापतो. वेळीच उलथला नाही तर बुरशी स्वतःच्याच उष्णतेने मरते. दोनेक दिवसांत पांढरी जाळी धरते. बीजाणूंचा हिरवटपणा फार चढण्याआधी पाण्यात भिजवून विकर उतरवून घेतात.

आता हा धंदा आपल्या अंगणात आहे. अ‍ॅडव्हान्स्ड एन्झाइम या कंपनीचं मुख्यालय ठाण्यात, कारखाना सिन्नरला. आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून बुरशीचं शुद्ध बीज कॉलेजच्या प्रयोगशाळेलाही मागवता येतं.