बर्मिंगहॅमचे ते पत्र कोणाला लिहिले होते?



यहोशवाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय आपल्या परिचयाचा आहे. इस्राएल लोक यार्देन ओलांडतात आणि नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणतात. ते गिलगाल येथे उभे केले जातात. कशासाठी? पुढे मुले त्या धोंड्यांविषयी विचारतील तेव्हा वडीलधाऱ्यांना घडलेली हकिकत सांगता यावी, यासाठी. धोंडा स्वतः बोलत नाही. मुलाने विचारावे लागते आणि मोठ्यांना उत्तर ठाऊक असावे लागते.

आपल्यातली कितीतरी मंडळी हल्ली मुलाबाळांकडे अमेरिकेला जाऊन येतात. नायगारा आणि स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापुढचे त्यांचे फोटो आपण कौतुकाने पाहतो. यापुढे जाणाऱ्यांनी दक्षिणेकडच्या टेनेसी आणि अलाबामा या राज्यांसाठी चार दिवस राखून ठेवावेत, असे आम्ही सुचवतो. कृष्णवर्णीयांनी समान नागरी हक्कांसाठी १९५५ ते १९६८ या काळात जो मोठा लढा दिला, त्याचे धोंडे तिथे उभे आहेत. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी पुस्तके आहेत, त्यांचाही उल्लेख पुढे येईल.

यांतली कितीतरी स्थळे म्हणजे चर्चच आहेत. लढणारे रविवारी उपासनेला जात होते. त्यांना अडवणारेही जात होते. आणि मधले, गप्प बसलेले, तेही जात होते. हा लेख मुख्यतः त्या मधल्यांविषयी आहे.

नागपूरहून नॅशव्हिलला

या इतिहासाचे आणि आपल्या मुलखाचे नाते जुने आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले होते. पुढे ऐंशी वर्षांनी उलट दिशेने एक माणूस आपल्याकडे आला. त्यांचे नाव जेम्स लॉसन.

१९२८ साली जन्मलेले लॉसन मेथडिस्ट होते. कोरियाच्या युद्धात शस्त्र धरण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यासाठी वर्षभराहून अधिक काळ तुरुंगवास भोगला. सुटल्यावर १९५३ मध्ये त्यांच्या चर्चने त्यांना मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात पाठवले. तिथे ते विद्यार्थ्यांना खेळ शिकवत आणि गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास करत. डिसेंबर १९५५ मध्ये नागपूरच्याच इंग्रजी वर्तमानपत्रात त्यांनी बातमी वाचली, की अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला आहे आणि त्यांचा पुढारी मार्टिन ल्यूथर किंग नावाचा एक तरुण पाळक आहे.

१९५६ मध्ये लॉसन परतले. फेब्रुवारी १९५७ मध्ये त्यांची आणि किंग यांची भेट झाली. दोघेही अठ्ठावीस वर्षांचे. शिक्षण पुरे होण्याची वाट पाहू नका, आताच दक्षिणेत या, असा किंग यांचा आग्रह होता. लॉसन नॅशव्हिलला गेले आणि एका मेथडिस्ट चर्चमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. वर्गात अर्धी मुले मारेकऱ्यांचे सोंग घेत. ती उरलेल्यांना शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खाली पाडत. खाली पडलेल्याने उठून पुन्हा शांतपणे बसायचे, हा धडा. पर्वतावरील प्रवचन आम्हीही धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. पण दुसरा गाल पुढे करण्याची अशी तालीम घेणारा शिक्षक विरळाच.

१३ फेब्रुवारी १९६० पासून ही मुले शहरातल्या दुकानांच्या गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसू लागली. मार खाल्ला, तुरुंगात गेली. लॉसन यांना विद्यापीठाने काढून टाकले. तीन महिन्यांच्या आत, १० मे रोजी, त्या काउंटरवर कृष्णवर्णीयांना जेवण मिळू लागले. आज नॅशव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयात या लढ्याचे एक खास दालन आहे. तिथे काउंटरसारखे एक गोल टेबल आहे आणि मुलांनी पाळायचे नियम त्यावर कोरले आहेत. त्या नियमांत येशू आणि गांधी ही दोन्ही नावे आहेत. हिस्लॉप कॉलेजाच्या आवारातून जाणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकलेले असावे, असे आम्हाला वाटते.

गुड फ्रायडेची अटक आणि आठ धर्मपुढारी

नॅशव्हिलहून सुमारे तीनशे किलोमीटर दक्षिणेला बर्मिंगहॅम आहे. इथल्या सोळाव्या रस्त्यावरचे बाप्टिस्ट चर्च, समोरचे केली इंग्रॅम उद्यान आणि १९९२ साली उघडलेले नागरी हक्क संग्रहालय ही तिन्ही स्थळे पायी पाहता येतात. उद्यानातल्या एका वाटेवर दोन्ही बाजूंनी अंगावर धावून येणाऱ्या पोलिसी कुत्र्यांचे पुतळे आहेत आणि त्यांच्यामधून आपल्याला चालत जावे लागते. मे १९६३ मध्ये याच चर्चमधून शेकडो शाळकरी मुले गात बाहेर पडली होती आणि त्यांच्यावर कुत्री व पाण्याचे जोरदार फवारे सोडले गेले होते.

संग्रहालयात तुरुंगाच्या कोठडीचे एक दार ठेवले आहे. १२ एप्रिल १९६३ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, किंग यांना अटक झाली. त्याच दिवशी शहरातल्या आठ गोऱ्या धर्मपुढाऱ्यांचे निवेदन प्रसिद्ध झाले. त्यात एपिस्कोपल, मेथडिस्ट आणि कॅथलिक बिशप होते, प्रेस्बिटेरियन व बाप्टिस्ट पाळक होते, एक यहुदी रब्बी होते. ही दुष्ट माणसे नव्हती, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. त्याच वर्षी जानेवारीत याच मंडळींनी गव्हर्नरच्या भडक भाषेविरुद्ध कायद्याची बाजू घेतली होती. आता त्यांचे म्हणणे एवढेच होते, की मोर्चे अवेळी आहेत, बाहेरच्यांनी चिथावलेले आहेत, प्रश्न कोर्टात आणि वाटाघाटींनी सुटावा.

किंग यांनी कोठडीत वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर उत्तर लिहायला सुरुवात केली. कागदाचे तुकडे वकिलांच्या हातून बाहेर गेले. पत्रावर तारीख आहे १६ एप्रिल. आपण समजतो की असे पत्र जुलूम करणाऱ्याला लिहिले असेल. तसे नाही. ते या आठ जणांना लिहिले आहे, म्हणजे देवाचे नाव घेणाऱ्या, शांतता आवडणाऱ्या, ‘थोडे थांबा’ म्हणणाऱ्या माणसांना. उघड द्वेष करणाऱ्यापेक्षा अशा सज्जनांनी आपल्याला अधिक निराश केले, असा पत्राचा सूर आहे. ते ‘व्हाय वी कान्ट वेट’ या किंग यांच्या १९६४ च्या पुस्तकात वाचायला मिळते. उपवासकाळात एखाद्या संध्याकाळी कुटुंबाने एकत्र बसून वाचावे असे ते आहे.

पत्रात कौतुकही आहे. या आठांपैकी बाप्टिस्ट पाळक अर्ल स्टॉलिंग्ज यांनी आपल्या चर्चमध्ये उपासनेला आलेल्या कृष्णवर्णीयांना आत घेतले होते, याची किंग यांनी नावानिशी दखल घेतली. आणि कॅथलिक साहाय्यक बिशप जोसेफ ड्युरिक पुढे बदलले. नॅशव्हिलचे बिशप झाल्यावर ते वांशिक न्यायाच्या बाजूने उघडपणे उभे राहिले आणि त्यांनी आपल्याच लोकांचा रोष पत्करला. या आठही जणांची कहाणी एस. जोनाथन बास यांनी ‘ब्लेसेड आर द पीसमेकर्स’ या २००१ च्या पुस्तकात सांगितली आहे. पत्र मिळालेला माणूसही पश्चात्ताप करू शकतो, हे त्यातून कळते.

पण त्या वर्षी थांबण्याची किंमत फार मोठी ठरली. १५ सप्टेंबर १९६३, रविवार. सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये संडे स्कूलचा त्या दिवसाचा धडा होता क्षमा करणाऱ्या प्रीतीविषयी. तळघरात मुली उपासनेसाठी तयार होत होत्या. सकाळी १० वाजून २२ मिनिटांनी वंशद्वेष्ट्यांनी ठेवलेला बाँब फुटला. अ‍ॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली आणि कॅरोल रॉबर्टसन या चौदा वर्षांच्या तिघी आणि अकरा वर्षांची डेनिस मॅकनेर यांचा जीव गेला. स्फोटात एका रंगीत काचेच्या खिडकीतल्या प्रभू येशूचा चेहरा तेवढा निखळून पडला. पहिल्या गुन्हेगाराला शिक्षा व्हायला १९७७ साल उजाडले, शेवटच्याला २००२.

आज तिथे गेलेल्याला एक वेगळी खिडकी दिसते. दूर वेल्समधल्या लोकांनी वर्गणी काढून ती दिली. एकाच श्रीमंताने पैसे देऊ नयेत, म्हणून माणशी अर्ध्या क्राउनपेक्षा जास्त घ्यायचे नाही असे ठरले होते. चित्रकार जॉन पेट्स यांनी त्या काचेत हात पसरलेला कृष्णवर्णीय ख्रिस्त रेखाटला. ती खिडकी १९६५ मध्ये बसवली गेली.

माँटगोमेरी, सेल्मा, मेम्फिस

बर्मिंगहॅमहून सुमारे दीडशे किलोमीटरवर माँटगोमेरी आहे. किंग जिथे पाळक होते ते लाल विटांचे डेक्स्टर अ‍ॅव्हेन्यू चर्च राज्याच्या विधान भवनाला अगदी लागून आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना बसमध्ये जागा न सोडल्याबद्दल अटक झाली आणि मग बहिष्कार ३८१ दिवस चालला. पहिली पत्रके रातोरात छापली जो अ‍ॅन रॉबिन्सन आणि त्यांच्या सोबतिणींनी. त्यांनी स्वतः लिहिलेली आठवण १९८७ साली पुस्तकरूपाने आली. आपल्या महिला मंडळांनी ती जरूर मिळवावी. याच शहरात २०१८ पासून जमावाने ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांचे स्मारक आहे. आठशेहून अधिक पोलादी खांब, एकेका जिल्ह्यासाठी एकेक, आणि त्यांवर बळींची नावे. त्या खांबांपुढे बोलणे सुचत नाही, असे पाहून आलेले सांगतात.

सेल्मा इथल्या पुलावर ७ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्यांवर लाठीहल्ला झाला. जॉन लुइस यांची कवटी फुटली. तीन दिवसांनी सेंट लुइसहून आलेल्या सिस्टर मेरी अँटोना एबो आणि इतर धर्मभगिनी तिथल्या लोकांसोबत उभ्या राहिल्या. ६ ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा झाला. लुइस यांचे ‘मार्च’ हे तीन भागांतले चित्रमय पुस्तक आपल्या दृढीकरणाच्या वयाच्या मुलांना सहज वाचता येईल. मोठ्यांसाठी डेव्हिड हॅल्बरस्टॅम यांचे ‘द चिल्ड्रन’ आहे. त्यात लॉसन यांच्या वर्गातल्या मुलांची सविस्तर कहाणी आहे.

शेवटचा थांबा मेम्फिस. १९६८ च्या फेब्रुवारीत कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन सफाई कामगार मेले आणि तेराशे कामगार संपावर गेले. आपण माणूस आहोत, एवढेच त्यांच्या पाट्यांवर लिहिलेले होते. संपाला साहाय्य करणारे पाळक होते तेच जेम्स लॉसन, आणि किंग यांना तिथे बोलावले त्यांनीच. ४ एप्रिल रोजी लॉरेन मोटेलच्या सज्जात किंग यांना गोळी घातली गेली. ते मोटेल १९९१ पासून राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय आहे. कामगार जिथे जमत त्या क्लेबॉर्न टेंपल या चर्चचे मात्र एप्रिल २०२५ मध्ये आगीत अतोनात नुकसान झाले. दगडविटाही कायम राहतात असे नाही. म्हणून पुस्तकेही हवीत आणि सांगणारी माणसेही.

आपल्या दारी

सफाई कामगार म्हटले की आपल्याला दूर जावे लागत नाही. लग्न जमवताना ख्रिस्ती घरांतही जात विचारली जाते, हे आपण सगळे जाणतो. काही ठिकाणी चर्चमधल्या बसण्याच्या जागा आणि दफनभूमीतल्या रांगाही जातीने वाटल्या गेल्या, हाही आपलाच इतिहास आहे. कोणी त्याविषयी बोलले की आपल्यातले सज्जन म्हणतात, ‘आता कशाला, हळूहळू होईल, उगाच फूट नको.’ बर्मिंगहॅमचे आठ जण वेगळे काय म्हणत होते?

तेव्हा आमची विनंती एवढीच, की प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या वृद्धांना विचारून ठेवावे: पूर्वी आपल्या देवळात कोण कुठे बसत असे? कोणाला चर्चच्या कारभारात घेत नसत? हे पहिल्यांदा कोणी मोडले? उत्तरे एका वहीत लिहावीत, अभिमानाची आणि लाजेचीही. मुले एक दिवस विचारणार आहेत.

हे प्रभो, ज्यांना थांबायला सांगणे आम्हाला सोपे गेले, त्यांची हाक आम्हाला ऐकू येऊ दे. ते पत्र आमच्याही नावे आहे, हे ओळखण्याची नम्रता दे आणि त्याचे उत्तर आमच्या वागण्याने देण्याचे बळ दे. आमेन.