शुभ्र पोषाखाचा इतिहास

धुराड्यावरून कारखाना ओळखण्याची जगाची जुनी संवय. त्यामुळें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चिप नांवाचे सूक्ष्म तुकडे घडविणारा धंदा उदयास आला, तेव्हां ‘हा उद्योग निर्मळ’ असा समज सर्वत्र रूढ झाला. धूर नाहीं, काजळी नाहीं. कामकरी नखशिखान्त शुभ्र पोषाखांत. परंतु तो पोषाख कामकऱ्याच्या रक्षणाकरितां नव्हता. माणसाच्या अंगावरील धूलिकणांपासून सिलिकॉनची चकती सुरक्षित राहावी, एवढाच त्याचा हेतु. ह्या एका गोष्टींत धंद्याचा पुढील इतिहास सांठविलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

१९८१ च्या अखेरीस कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथें फेअरचाइल्ड कंपनीच्या भूमिगत टांकींतून गळलेलें रासायनिक द्रावक पिण्याच्या पाण्याच्या विहिरींत उतरल्याचें उघडकीस आलें. पुढें त्या एका परगण्यांतील वीसांहून अधिक स्थळें दूषित भूमीच्या सरकारी यादींत चढलीं. त्यांतील बहुतेक ह्याच धंद्याचीं होतीं.

अमेरिकेचे डोळे उघडले, तोंपर्यंत धंद्यानें आशियांत बिऱ्हाड केलें होतें. तैवानांत ताओयुआन येथील आर्‌सीए कंपनीचा दूरचित्रवाणीच्या भागांचा कारखाना १९९२ सालीं बंद झाला. तेथील भूजल विषारी झाल्याचें १९९४ त प्रसिद्ध झालें. कामकरी स्त्रिया वर्षानुवर्षें तेथल्याच विहिरीचें पाणी पीत आल्या होत्या. कर्करोगानें गांठलेल्या कामकऱ्यांनीं २००४ सालीं दावा लाविला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ त लागला, तेव्हां कित्येक वादी हयात नव्हते.

कोरियांत, सॅमसंगच्या गिहुंग येथील कारखान्यांत काम करणारी एका टॅक्सीचालकाची कन्या २००७ सालीं रक्ताच्या कर्करोगानें ऐन बाविशींत वारली. तिच्या हातांखालून कोणतीं द्रव्यें गेलीं, हें विचारतां ‘व्यापारी गुपित’ हें उत्तर मिळे. पुरावा मात्र बापानेंच द्यावा अशी अपेक्षा! त्यानें तो लढा सोडला नाहीं. नोव्हेंबर २०१८ मध्यें कंपनीनें जाहीर क्षमा मागितली.

आतां साणंद व धोलेरा येथें हा धंदा आपल्या दारीं येत आहे. त्यास आमचा विरोध नाहीं. मात्र द्रव्यांची उघड यादी, विहिरींच्या पाण्याची परीक्षा आणि कामकऱ्यांच्या प्रकृतीची नोंद, हीं तिन्ही पहिल्या दिवसापासून हवींत. तीं वेळेवर झालीं नाहींत, म्हणूनच त्या बापाला मुलीच्या मृत्यूचा पुरावा शोधीत वर्षानुवर्षें फिरावें लागलें.