कापडाचं विमान आणि त्याच्यावरचा रंग



रणगाडे, तोफा आणि लढाया यांवर बोलणारा हा निवृत्त फौजी आज विमानाच्या रंगकामावर कुठून घसरला, असं काहींना वाटेल. घसरलेलो नाही. मी तोफखान्यातला माणूस, आणि आमच्या तोफखान्याचं या रंगाशी जुनं नातं आहे. ते काय, ते पुढे येईलच. आज जगात हजारो हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये, शेडमध्ये स्वतःचं छोटं विमान बांधतात. त्यातली बरीच विमानं अजूनही कापडाची असतात. लाकडाचा किंवा पोलादी नळ्यांचा सांगाडा करायचा, त्यावर कापड ताणून बसवायचं आणि मग ते रंगवायचं. सांगाडा करणारा माणूस अभिमानाने सांगतो, "आता फक्त रंग राहिलाय." या "फक्त" शब्दाचा इतिहास आज बघू.

आधी नुसतंच कापड

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचं विमान १२ सेकंद उडालं, १२० फूट गेलं. त्या विमानाच्या पंखांवर साधी मलमल होती. रंग नाही, रोगण नाही, काही नाही. मात्र ते कापड त्यांनी तिरकं लावलं होतं. धागे पंखाच्या फासळ्यांना ४५ अंशांत आले, त्यामुळे कापडच सांगाड्याला तिरका ताण देत होतं. सायकल दुरुस्त करणाऱ्या माणसांची ही अक्कल. म्हणजे पहिल्या दिवसापासून कापड हा विमानाच्या मजबुतीचा भाग होता, नुसतं पांघरूण नव्हतं.

पण कोरडं कापड हवा झिरपू देतं. पावसाची एक सर आली की सैल पडतं. पावसाळ्यात ढोलकीचा आवाज कसा बसतो, तुम्ही ऐकलंय. पंखाचं तसंच होतं. सैल कापड हवेत फडफडतं, पंखाचा आकार बिघडतो, आणि पंखाचा आकार बिघडला की उचल कमी होते. मग सुरुवातीच्या लोकांनी काय काय करून पाहिलं! खळ लावून पाहिली, रबर चढवलेलं कापड वापरलं. इंग्लंडमध्ये ए. व्ही. रो यांनी १९०९ साली तर पंखांवर तेलकट कागद चढवून विमान उडवलं. आपल्याकडे संक्रांतीला पतंग उडवणाऱ्यांना हे ऐकून बरं वाटेल.

डोप म्हणजे काय?

उत्तर सापडलं रसायनशास्त्रात. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. शॉनबाइन नावाच्या शास्त्रज्ञाने १८४६ मध्ये हे जगापुढे आणलं. त्यात नायट्रोजनचं प्रमाण १३ टक्क्यांच्या वर गेलं की ती गनकॉटन, म्हणजे स्फोटक. प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास ठेवलं आणि ते योग्य द्रावकात विरघळवलं, की पातळ पाकासारखं रोगण मिळतं. हे रोगण कापडावर लावलं की द्रावक उडून जातो, उरलेला थर आकसतो आणि कापडाला आपल्याबरोबर ओढून घेतो. कापड ढोलासारखं ताठ होतं. बोटाने टिचकी मारली तर वाजतं. याच रोगणाला विमानवाले "डोप" म्हणतात. खेळाडू ज्या डोपमुळे पकडले जातात, तो शब्द हाच, वस्तू वेगळी.

आता तोफखान्याचं नातं लक्षात आलं? तोफेतून गोळा फेकणारं दारूचं पाकीट आणि विमानाच्या पंखावरचं रोगण, दोन्ही एकाच कापसाची लेकरं. निलगिरीत अरुवनकाडूला आपला कॉर्डाइट कारखाना गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. तिथे तयार होणाऱ्या कॉर्डाइटमध्येही हेच नायट्रोसेल्युलोज. साहजिकच नायट्रेट डोप लावलेलं विमान एका ठिणगीने भडकायचं. वैमानिकाला आगीची भीती वाटायची ती यामुळेही.

म्हणून दुसरा मार्ग निघाला. आम्ल बदलून सेल्युलोज अॅसिटेट करायचं. ते इतकं चटकन पेटत नाही. पण त्याला विरघळवणारा द्रव शोधताना माणसं मेली.

हेंडनचे कामगार

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. विमानं झपाट्याने हवी होती. लंडनजवळ हेंडनला विमानांचे कारखाने होते. तिथे बंद खोल्यांमध्ये कामगार, त्यात बायकाही, ब्रशने पंखांना डोप लावत. खोली गरम ठेवावी लागे आणि वाऱ्याची झुळूक नको असे, कारण थंड दमट हवेत डोप नीट वाळत नाही. त्या अॅसिटेट डोपमध्ये द्रावक म्हणून टेट्राक्लोरोइथेन होतं. त्याचा वास गोडसर, क्लोरोफॉर्मसारखा. वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे खोलीतच साचून राहणारी.

काही आठवड्यांत लोक आजारी पडू लागले. आधी भूक जाते, मळमळतं, थकवा येतो. मग डोळे पिवळे, अंग पिवळं. साधी कावीळ समजून सोडून दिलं, तर पुढे शुद्ध हरपते आणि माणूस जातो. त्या वर्षाच्या अखेरीस हेंडनला मृत्यू झाले. सरकारी तज्ज्ञ डॉ. विल्यम विलकॉक्स यांनी तपास केला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि दोष टेट्राक्लोरोइथेनवर ठेवला. ते यकृत नासवत होतं. कारखान्यांचे वैद्यकीय निरीक्षक टॉमस लेग यांच्यासोबत त्यांनी १९१५ मध्ये हे सगळं छापूनही आणलं.

मग तो द्रावक त्याच दिवशी बंद झाला का? नाही. युद्ध चालू होतं आणि पुरेसा पर्याय हाताशी नव्हता. पंखे बसवा, तपासण्या करा, कामगारांची पाळी बदला, असे उपाय सांगितले गेले. विषारी काविळीची प्रत्येक केस सरकारला कळवणं १९१६ पासून सक्तीचं झालं. त्याच वर्षी हळूहळू तो डोप मागे पडला. या मधल्या काळात ज्यांनी ब्रश हातात धरला, त्यांना कुठलं शौर्यपदक मिळालं नाही. फौजेत राहून मला एक कळलं. युद्धातल्या मृतांची यादी आघाडीवर सुरू होते, पण तिथे संपत नाही.

पर्यायाची अडचण काय होती, तेही समजून घ्या. चांगला द्रावक होता अॅसिटोन. पण कॉर्डाइट बनवायलाही अॅसिटोनच लागायचं. तोफा म्हणत आम्हाला द्या, विमानं म्हणत आम्हाला द्या. या टंचाईतूनच काइम वाइझमन यांची जंतूंच्या मदतीने मक्यापासून अॅसिटोन काढण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरात आली. हेच वाइझमन पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. आणि सेल्युलोज अॅसिटेटसाठी ब्रिटिशांनी ड्रेफस या स्विस बंधूंना बोलावून डर्बीजवळ स्पाँडनला कारखाना काढून दिला. युद्ध संपलं, डोपची मागणी आटली, तेव्हा त्यांनी त्याच अॅसिटेटचं सूत काढलं. सेलनीज नावाने जे कृत्रिम रेशीम बाजारात आलं, त्याचं मूळ विमानाच्या डोपमध्ये आहे.

सूर्य नावाचा शत्रू

डोपने कापड ताणलं, पाणी अडवलं. पण ऊन राहिलं. त्या काळी विमानाचं उत्तम कापड म्हणजे लिनन. ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याच झाडाच्या खोडाचा हा धागा. पारदर्शक डोपखाली लिनन उन्हात ठेवलं की काही महिन्यांत धागा कुजल्यासारखा होतो. सूर्याचे अतिनील किरण ते काम करतात.

ब्रिटिशांनी १९१६ मध्ये पीसी १० नावाचा खाकी-हिरवट रंग आणला. लोकांना वाटतं तो फक्त शत्रूपासून लपण्यासाठी होता. त्यातली गेरूसारखी लोहयुक्त माती आणि काजळी मुख्यतः ऊन अडवायला होती. लपणं हा जोडीचा फायदा. जर्मनांनी निराळी युक्ती केली. त्यांनी बहुकोनी ठिपक्यांचं छापील कापडच वापरलं. रंगाचा एक थर वाचला, म्हणजे वजन वाचलं.

युद्धानंतर अॅल्युमिनियमची पूड डोपमध्ये मिसळणं रूढ झालं. जुन्या फोटोंत १९२०-३० च्या दशकातली विमानं चंदेरी दिसतात, ती यामुळे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते पस मॉथ विमानही कापडाचंच. जुहूचं ते मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, म्हणून त्या दिवसांत मुक्काम पुण्याला हलवावा लागे. आपल्या हवेत कापडाच्या विमानाला तीन शत्रू: ऊन, दमट हवा आणि बुरशी. दमट हवेत डोप लावला तर द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि डोप पांढरा पडतो. असा थर दिसायला वाईट असतोच, पण कमकुवतही असतो. पाऊस पडत असताना पंख रंगवायला घेऊ नका, हा नियम आपल्या फ्लाइंग क्लबांतल्या मेकॅनिकांना कुणी पुस्तकातून शिकवावा लागला नाही.

१९४७-४८ च्या काश्मीर लढाईत तोफखान्याचे अधिकारी ऑस्टर विमानांतून वर जाऊन तोफांचा मारा दुरुस्त करत. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, त्यावर डोप. गोळी आली तर आरपार जायची. भोकावर डोपने ठिगळ लावायचं आणि पुन्हा उडायचं. पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टने कापड चढवलेलं पुष्पक केलं, ज्यावर कित्येक फ्लाइंग क्लबांत पोरं शिकली. पुष्पकवरूनच बेतलेलं कृषक आमच्या एअर ओपीकडे आलं. १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर वेगळी झाली तोवर हेलिकॉप्टरांचा जमाना आला होता. पण तोफखान्याचं हवेतलं बाळपण कापडात गुंडाळलेलं होतं.

आजचं घरगुती विमान

जानेवारी १९५३ मध्ये अमेरिकेत पॉल पोबेरेझनी यांनी हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना सुरू केली. आज तिचा ऑशकॉशचा मेळावा जगप्रसिद्ध आहे. या हौशी मंडळींमुळे कापडाचं तंत्र जिवंत राहिलं. मात्र कापड बदललं. लिनन आणि सुती कापडाच्या जागी पॉलिएस्टर आलं. हलगी वाजवायच्या आधी शेकून घेतात ना? पॉलिएस्टर तसंच तापवून ताणतात, चक्क कपड्यांच्या इस्त्रीने! आधी साधारण १२० अंश सेल्सियस, शेवटी १७५ च्या आसपास. त्याहून फार तापलं तर कापड उलट ढिलं पडतं, म्हणून इस्त्रीचं तापमान मोजून घ्यावं लागतं.

म्हणजे कापड आकसवण्याचं डोपचं काम संपलं. पण छिद्रं बुजवणं आणि ऊन अडवणं ही कामं राहिलीच. पॉलिएस्टरलाही अतिनील किरण खातात. म्हणून रंगाआधी चंदेरी थर द्यावाच लागतो. तो पुरेसा झाला का, हे पाहायची रीत सोपी आहे. पंखाच्या आत दिवा लावायचा आणि बाहेरून अंधारात बघायचं. उजेड दिसला तर थर कमी. आणि जास्त थर देऊनही चालत नाही. वजन वाढतं, आणि पंखाच्या किंवा शेपटीच्या हलत्या भागावर जास्त रंग साचला तर त्याचा तोल बिघडून तो भाग उडताना थरथरू लागतो. त्यात भाग तुटूनही जाऊ शकतो.

जुन्या सुती कापडासाठी नियम असा होता: नवं कापड दर इंच रुंदीला ८० पौंड, म्हणजे सुमारे ३६ किलो ताण सोसणारं हवं, ५६ पौंडांच्या, म्हणजे सुमारे २५ किलोंच्या खाली आलं की काढून टाकायचं. मोजायला कापड दाबून किंवा पट्टी कापून बघावं लागतं, कारण डोळ्यांना कळत नाही. कुजलेल्या कापडावर चकचकीत नवा रंग सहज बसतो. जुनं विमान विकत घेणाऱ्यांनो, हे लक्षात ठेवा. चमक बघून सौदा करू नका.

आणि बांधणाऱ्यांना एक सांगणं. आजच्या रंगांतले द्रावक, विशेषतः दोन भाग मिसळून होणारे पॉलियुरेथेन रंग, फुप्फुसांना घातक असतात. कापडी मास्क पुरत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो, खोलीत हवा खेळती लागते, आणि नायट्रेट डोप वापरत असाल तर ठिणगी उडणारं काहीही जवळ नको. काम आपल्या हौसेचं आहे, घाई कुणाची नाही. हेंडनच्या कामगारांना तपास पूर्ण होईपर्यंत थांबायची मुभा नव्हती. तुम्हाला आहे. तेव्हा पंखा लावा, मुखवटा घाला, आणि मगच ब्रश उचला.

पुढच्या भागात याच कापसाच्या दुसऱ्या लेकराकडे, तोफेच्या कॉर्डाइटकडे वळू. तोपर्यंत, जय हिंद.