अंगरक्षक, व्यावसायिक प्रवाशांचे (जोहान्सबर्ग)

धोक्याच्या शहरात कामानिमित्त येणाऱ्या माणसाच्या जिवाची, सामानाची आणि हालचालींच्या गुप्ततेची काळजी घेण्यासाठी ठरावीक दिवसांपुरता नेमलेला प्रशिक्षित रक्षक. या कामाला जगभर ‘क्लोज प्रोटेक्शन’ म्हणतात. मंत्र्याला संरक्षण मिळते ते पदामुळे. येथे ते पैसे मोजून घेतले जाते आणि बहुतेक वेळा बिल प्रवाशाच्या कंपनीच्या नावावर निघते. बगदाद, कराची, लागोस, मेक्सिको सिटी अशा अनेक शहरांत हा व्यवसाय चालतो. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गमध्ये मात्र तो हॉटेलच्या आरक्षणाइतका रुळला आहे.

त्याचे कारण आकड्यांत दिसते. दक्षिण आफ्रिकेत २०२२-२३ या वर्षात पोलिसांनी २७ हजारांहून अधिक खून नोंदवले. भारतात २०२२ मध्ये २८,५२२ खुनांची नोंद झाली. म्हणजे संख्या जवळपास सारखीच, पण तिथली लोकसंख्या सहा कोटींच्या आसपास आणि इथली एकशे चाळीस कोटी. हे खून प्रामुख्याने गरीब वस्त्यांत होतात आणि त्यांत मरणाऱ्यांकडे अंगरक्षक नेमण्याची ऐपत नसते, हे या विषयावर लिहिताना विसरता येत नाही. परदेशी पाहुण्याच्या वाट्याला येते ती मुख्यतः लूट. ओ. आर. टॅम्बो विमानतळावरून निघालेल्या गाडीच्या मागे लागायचे आणि हॉटेलच्या किंवा घराच्या फाटकाशी ती गाठायची, हा तिथला जुना प्रकार. सिग्नलला काच फोडून मांडीवरची बॅग ओढणे हा त्याहून सर्रास. निळे दिवे लावून पोलीस असल्याचे भासवत गाडी अडवणाऱ्या टोळ्याही आहेत. गेल्या काही वर्षांत खंडणीसाठी होणारी अपहरणे वाढली असून त्यांचा रोख व्यापारी कुटुंबांवर असतो.

या परिस्थितीतून खासगी सुरक्षेचे प्रचंड क्षेत्र उभे राहिले. देशात कामावर असलेले नोंदणीकृत खासगी रक्षक पाच लाखांहून अधिक आहेत, तर पोलीस दल दोन लाखांच्याही आत. २००१ च्या कायद्यानुसार या क्षेत्रावर ‘प्सिरा’ या नियामक प्राधिकरणाची देखरेख असते. तिथे नाव नोंदवल्याशिवाय कोणालाही मोबदला घेऊन रक्षकाचे काम करता येत नाही. अंगरक्षकाचे प्रशिक्षण फाटकावरच्या पहारेकऱ्यापेक्षा वेगळे असते. वर्णभेदी राजवट संपल्यावर सैन्यातून आणि पोलिसांतून बाहेर पडलेली अनेक माणसे या धंद्यात आली. पुढे इराकमध्येही त्यांनी मोठ्या संख्येने काम केले.

चित्रपटांनी अंगरक्षकाची जी प्रतिमा रुजवली आहे, काळा चष्मा, रुंद छाती, कमरेला पिस्तूल, ती पाहून माणूस नेमणारी कंपनी हमखास फसते. या कामाचा मोठा भाग पाहुणा विमानात बसण्यापूर्वीच उरकलेला असतो. रक्षकांच्या तुकडीतला एक जण आधी सगळ्या ठिकाणी फिरून येतो. बैठकीच्या इमारतीला मागचे दार आहे का, गाडी तळघरात लागते की रस्त्यावर, लिफ्टमधून उतरल्यावर किती पावले उघड्यावर चालावी लागतात, सर्वांत जवळचे आघात-उपचार केंद्र असलेले रुग्णालय कोणते आणि संध्याकाळच्या गर्दीत तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे तो टिपून ठेवतो. व्यवसायात या फेरीला ‘ॲडव्हान्स’ म्हणतात. हॉटेलची खोलीही विचारपूर्वक निवडली जाते: तळमजल्यावर नको आणि अग्निशमन दलाची शिडी पोचणार नाही इतक्या उंचावरही नको. विमानतळावर हातात धरायच्या फलकावर पाहुण्याचे वा कंपनीचे नाव लिहीत नाहीत, कारण ते वाचून कोणीही आपण न्यायला आल्याचे सांगू शकतो. आधी ठरवलेला एखादा शब्द किंवा आकडा लिहिला जातो.

खरी कसोटी लागते ती ड्रायव्हरची. जोहान्सबर्गचा तयार ड्रायव्हर सिग्नलला थांबतो तेव्हा पुढच्या गाडीची मागची चाके जिथे रस्त्याला टेकतात ती जागा त्याला दिसत असते. तेवढे अंतर राहिले तर मागे न जाता गाडी बाजूने काढता येते. रात्री लाल दिवा दुरून दिसला की तो वेग कमी करतो, म्हणजे सिग्नलशी पोचेपर्यंत हिरवा होतो आणि चाके थांबतच नाहीत. मागे निळा दिवा लागला आणि शंका आली, तर धोक्याचे दिवे चालू करून सावकाश जवळचे पोलीस ठाणे गाठायचे, हेही त्याला ठाऊक असते. या सगळ्यात बंदूक कुठेच येत नाही. लॅपटॉपची बॅग मांडीवरून डिकीत गेली तरी बराचसा धोका टळतो, आणि ती तिथे ठेवा असे पाहुण्याला न चुकता सांगणे हे अंगरक्षकाचेच काम आहे.

प्रामाणिक सल्लागार असेल तर अंगरक्षक नकोच, असेही सांगतो. २०१० च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या तोंडावर सुरू झालेली गाउट्रेन ही रेल्वे विमानतळावरून सँडटनला सुमारे पंधरा मिनिटांत पोचवते. जुन्या शहरातून बाहेर पडलेल्या कंपन्या याच उपनगरात आल्या आणि २००० मध्ये शेअर बाजारही इथे आला. ज्याचे सारे काम सँडटनच्या चार इमारतींत आहे, त्याला हॉटेलची गाडी आणि थोडी सावधगिरी बहुधा पुरते. रोख रक्कम, सोने, कामगारांचा तंटा किंवा न्यायालयीन वाद असे काही असेल, किंवा पाहुण्याचा चेहरा वर्तमानपत्रांतून सर्वांना माहीत असेल, तर गोष्ट वेगळी.

शस्त्राबाबत परदेशी कंपन्यांचा नेहमी गैरसमज होतो. स्वतःचा अंगरक्षक सोबत आणला म्हणजे त्याचे पिस्तूलही आणता येईल, असे त्या धरून चालतात. दक्षिण आफ्रिकेत शस्त्रांवर २००० च्या कायद्याचे कडक नियंत्रण आहे. त्यामुळे हत्यारी रक्षक नोंदणीकृत स्थानिक संस्थेकडूनच घ्यावे लागतात. चिलखती गाडीचेही असेच नीट समजून घ्यावे. बी-४ दर्जाची गाडी पिस्तुलाच्या गोळ्या अडवते, बी-६ दर्जाची रायफलच्याही. मात्र पोलाद आणि जाड काचेने वजन वाढलेली ती गाडी उशिरा थांबते आणि वळणावर जड जाते, म्हणून तिला त्याच गाडीचा सराव असलेला ड्रायव्हर लागतो.

नुसते बळ पुरत नाही याचे दाखले या व्यवसायाच्या प्रशिक्षणात आजही गिरवले जातात. जर्मन उद्योजक संघटनांचे प्रमुख हान्स मार्टिन श्लायर यांना ५ सप्टेंबर १९७७ रोजी कोलोनमध्ये पळवण्यात आले तेव्हा सोबत तीन पोलीस होते. हल्ला घराजवळच्या रस्त्यावर झाला. तिन्ही पोलीस आणि ड्रायव्हर जागीच मारले गेले. श्लायर यांची हत्या सहा आठवड्यांनी झाली. पुढच्या वर्षी १६ मार्चला रोममध्ये इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचे पाचही रक्षक सकाळच्या नेहमीच्या वाटेवर ठार झाले. डॉइच बँकेचे आल्फ्रेड हेरहाउझेन १९८९ मध्ये चिलखती मर्सिडीजमध्ये, पुढे-मागे रक्षकांच्या गाड्या असताना, रस्त्याकडेला सायकलवर ठेवलेल्या बॉम्बने मारले गेले. कराचीत १२ नोव्हेंबर १९९७ रोजी एका तेल कंपनीचे चार अमेरिकी लेखापरीक्षक हॉटेलातून कार्यालयाकडे निघाले होते. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांचा पाकिस्तानी ड्रायव्हरही मेला. या घटना आठवताना मोठी नावे लक्षात राहतात. गाडी चालवणाऱ्याचे नाव फार थोड्यांना सांगता येते, आणि हा त्या माणसांवर अन्याय आहे.

याच्या उलट टोकाची घटना मुंबईतली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताजमहाल हॉटेलवर हल्ला झाला तेव्हा चॅम्पियन्स लीग ट्वेन्टी-२० क्रिकेट स्पर्धेच्या सुरक्षेच्या तयारीसाठी आलेले काही दक्षिण आफ्रिकी सुरक्षातज्ज्ञ टॉवरच्या वरच्या मजल्यावरील उपाहारगृहात जेवत होते. त्यांच्याकडे एकही बंदूक नव्हती. त्यांनी दारांना टेबले-खुर्च्या लावल्या आणि मुदपाकखान्यातल्या सुऱ्या-सुरे हाती घेतले. लोकांना शांत ठेवून, संधी मिळताच आगीच्या वेळी वापरायच्या जिन्याने शंभराहून अधिक जणांना खाली उतरवले. त्या पाहुण्यांपैकी कोणीही त्यांना नेमले नव्हते. या व्यवसायात अभिमान बाळगावा अशी ही कामगिरी आहे.

अभिमानाइतकीच शरमही या क्षेत्राच्या वाट्याला आली. १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ‘ब्लॅकवॉटर’ या अमेरिकी कंपनीच्या रक्षकांनी गर्दीवर गोळीबार केला. १७ इराकी नागरिक मारले गेले. परदेशी कंत्राटदारांना तेव्हा इराकी कायद्यापासून संरक्षण होते. अमेरिकी न्यायालयाने २०१४ मध्ये चौघांना दोषी ठरवले, पण डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. या गोळीबारानंतर वर्षभराने, सप्टेंबर २००८ मध्ये, युद्धक्षेत्रातील अशा कंपन्यांविषयी राष्ट्रांची कर्तव्ये सांगणारा माँत्रू दस्तऐवज १७ देशांनी मान्य केला. दक्षिण आफ्रिका त्यांपैकी एक. त्यापाठोपाठ २०१० मध्ये कंपन्यांची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आली. रस्त्यावरचा पादचारी आणि शेजारच्या गाडीतले कुटुंब यांच्या जिवाला पाहुण्याच्या जिवाइतकेच मोल आहे, हे न मानणाऱ्या संस्थेला काम देऊ नये.

नेमणूक करताना संस्थेचा आणि प्रत्येक रक्षकाचा नोंदणी क्रमांक मागून ‘प्सिरा’कडे पडताळता येतो. बळाचा वापर कधी आणि कितपत करायचा याचे लेखी नियम, प्रथमोपचाराचे ताजे प्रशिक्षण आणि दायित्व विमा या गोष्टीही विचारून घेतात. पाहुण्याचा दिनक्रम कोणाकोणाला कळेल, हे ठरवून घ्यावे, कारण अपहरणाच्या अनेक प्रकरणांत खबर आतूनच फुटलेली असते. दर बहुधा बारा तासांच्या पाळीवर ठरतो आणि नेमकी इथेच काटकसर होते. पहाटेच्या विमानाला आलेला ड्रायव्हरच रात्रीच्या जेवणावरून पाहुण्याला परत आणत असेल, तर त्याचे सोळा-सतरा तास भरलेले असतात आणि त्या थकल्या डोळ्यांना मागे लागलेली गाडी दिसत नाही. अशा कार्यक्रमाला दोन ड्रायव्हर मागावेत आणि रक्षकांबरोबर त्या दोघांच्याही विम्याची रक्कम करारात लिहून घ्यावी.