लॉगबुकमधले तास

जुहूला मी अनेक वर्षं मुलांना विमान चालवायला शिकवलं. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, हातात पडला की प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला: "सर, एअरलाइनचं कधी होईल?" आपल्याकडे हा परवाना २०० तासांवर मिळतो. अमेरिकेत २००९ साली बफेलोजवळ अपघात झाला आणि २०१३पासून सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांची अट लागू झाली. म्हणून तास भरायला तिथली मुलं आठवडाभर विद्यार्थ्यांना शिकवतात, किनाऱ्यावरून जाहिरातीचे फलक ओढत उडतात, सुट्टीच्या दिवशी पॅराशूटवाल्यांना वर नेतात. ही वणवण जुनी आहे. तिचा इतिहास पाहायचा तर अटलांटिक एकट्याने ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग पाहावा.

१९२२च्या एप्रिलमध्ये तो नेब्रास्कातल्या लिंकन गावी उड्डाण शिकायला गेला. एकट्याने उडायचं तर विमानाच्या नुकसानीपोटी अनामत भरावी लागे. तेवढे पैसे त्याच्याकडे नव्हते. मग गावोगाव कसरती दाखवणाऱ्यांबरोबर तो निघाला. उडत्या विमानाच्या पंखावर चालला, पॅराशूटने उड्या मारल्या, मोंटानात मेकॅनिकचं कामही केलं. महायुद्धानंतर लष्कराची जादा विमानं स्वस्तात विकली जात होती. १९२३मध्ये त्याने जॉर्जियात ५०० डॉलरना एक 'जेनी' विमान घेतलं आणि त्यातच पहिलं एकट्याचं उड्डाण केलं. पुढे शेतात उतरून लोकांना पैसे घेऊन फेरी मारून आणायची, हा त्याचा धंदा झाला.

१९२४मध्ये तो लष्कराच्या प्रशिक्षणात शिरला. १०४ जणांच्या तुकडीतले १८ शेवटपर्यंत टिकले. त्यांत तो पहिला आला. पण लष्कराला तेव्हा नवे वैमानिक नको होते. सेंट लुइसला येऊन त्याने शिकवलं, कसरती केल्या, नॅशनल गार्डमध्येही उडला. १९२५च्या कायद्याने हवाई टपाल खासगी कंपन्यांकडे गेलं आणि कायम पगाराचं काम निर्माण झालं. १५ एप्रिल १९२६ला सेंट लुइस–शिकागो टपालमार्ग सुरू झाला, त्याचा मुख्य वैमानिक लिंडबर्ग. त्या वर्षात दोनदा रात्री खराब हवेत जमीन दिसेना, इंधन संपत आलं. दोन्ही वेळा पॅराशूटने उतरून त्याने टपाल शोधलं आणि पुढे पाठवलं. १९२७च्या मे महिन्यात अटलांटिकवर साडेतेहतीस तास एकटा बसलेला माणूस या कामांनी घडवला होता.

आपल्या हवाई टपालाच्या मुळाशीही असाच एक माणूस आहे. नेव्हिल व्हिन्सेंट हा ब्रिटिश हवाईदलातला माजी वैमानिक १९२९च्या सुमारास हिंदुस्थानात ठिकठिकाणी कसरती दाखवत, लोकांना विमानात फिरवत हिंडला. टपालसेवेची कल्पना घेऊन तो जेआरडी टाटांकडे गेला. १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडींनी कराचीहून टपाल जुहूला आणलं. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं ते व्हिन्सेंटने. पावसाळ्यात जुहूची मातीची पट्टी चिखलात जाई, तेव्हा मुक्काम पुण्याला हलवावा लागे.

म्हणून माझं मुलांना कळकळीचं सांगणं आहे: लहान काम आलं तर नाकारू नका. हवा कधी बिघडतेय, कुठून मागे फिरायचं, इंजिनाचा आवाज कधी बदलला, हे तिथेच अंगात मुरतं. आणि दमलेल्या शरीराने तास भरू नका. तसे तास लॉगबुकात चढतात, वैमानिकात उतरत नाहीत.